वाढदिवसाचे फोन

सर मला पहिल्यांदा दिसले तेव्हा ते फोनवर कुणाला तरी "शतायुषी व्हा" म्हणत होते आणि दुसऱ्या हाताने त्याच माणसाच्या निधनाची बातमी दुरुस्त करत होते.

मी नुकतीच पुण्याहून दुबईला आले होते. नवऱ्याची नोकरी, अल बर्शातला फ्लॅट, मुलाची शाळा असं सगळं मार्गी लागल्यावर मला घर खायला उठलं, म्हणून एका न्यूज चॅनलच्या ऑफिसात मुलाखतीला गेले. बाहेर डांबर वितळेल असं ऊन, आणि आत हे गृहस्थ हाताने विणलेला चॉकलेटी स्वेटर घालून बसलेले. पायात घरात घालायच्या सपाता, टेबलावर चिवड्याचा डबा. मला त्यांनी हातानेच बसायची खूण केली.

"नातू झाला? वा वा वा! अहो, मग कळवायचं नाही का? नाव काय ठेवलं? छान. बरं, राहता तिथेच ना अजून, खलिफा सिटीला? आणि एक करा, यंदाचा एखादा चांगला फोटो पाठवून द्या. कुर्त्यातला. शतायुषी व्हा!"

फोन ठेवून त्यांनी स्क्रीनवर 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना' यापुढे 'आणि एक नातू' असं टाइप केलं. मग स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाले, "वाच."

मी वाचायला लागले. एक ज्येष्ठ उद्योजक आज आपल्यातून गेले होते. आवाज खाली घेतला, जमेल तेवढं दुःख ओतलं. सरांनी मला मध्येच थांबवलं.

"एवढी रडू नकोस गं. आहेत ते अजून. आत्ताच बोललो ना मी?"

एवढाच माझा इंटरव्ह्यू. सोमवारपासून मी मराठी बातम्या वाचायला लागले.

आता हे ऐकून तुम्हाला सर विकृत वाटतील, म्हणून सांगते. नामवंत माणसांच्या मरणाच्या बातम्या जगातली सगळीच चॅनल्स आधी तयार करून ठेवतात. माणूस गेला की पाच मिनिटांत त्याचं अख्खं आयुष्य पडद्यावर दिसतं ते काही पाच मिनिटांत बनवलेलं नसतं. आमच्याकडेही आखातातल्या आपल्या जुन्या मंडळींच्या अशा तयार फिल्म होत्या. मंडळांचे संस्थापक, डॉक्टर, शाळा काढणारे, कंत्राटदार, हॉटेलवाले. फरक इतकाच, की बाकीच्या चॅनल्सवर या फिल्म एकदा बनवतात आणि विसरून जातात. सर त्या दर वर्षी त्या त्या माणसाच्या वाढदिवशी काढायचे, त्याला फोन करायचे, मनापासून शुभेच्छा द्यायचे आणि गप्पांच्या ओघात काय नवं घडलं ते काढून घेऊन फिल्म ताजी करायचे. कॉम्प्युटरवर त्या सगळ्या एका फोल्डरमध्ये होत्या. फोल्डरचं नाव 'वाढदिवस'.

ज्यांना फोन जायचा त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते आपले कृतार्थ. "स्वतःच्या पोरांना लक्षात राहत नाही, पण तुमच्या सरांना बघा," असं मला कितीतरी जणांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलेलं आहे. मी मान खाली घालून "हो ना, हो ना" करायची. पेढे यायचे, बर्फी यायची, आंब्याच्या दिवसांत पेट्या यायच्या. सर सगळ्यांना वाटायचे आणि स्वतः चिवडा खायचे.

एका कंत्राटदारांना मात्र फोन जात नसे. मोठ्या माणसांना जातो आणि आपल्याला नाही, हे त्यांना लागलं. मंडळाच्या गणपतीत त्यांनी सरांना गाठून तोंडावर विचारलं, "आम्ही काय इथे झक मारायला आलोय का? आमचा वाढदिवस नसतो?" सर म्हणाले, "एवढी हौस असेल तर घेतो." पुढच्या आठवड्यात कॅमेरामनला पाठवून त्यांच्या साइटचे शॉट्स घेतले, आणि कंत्राटदार फोल्डरमध्ये गेले. पहिला फोन आला त्या दिवशी त्यांनी ऑफिसभर शिरा वाटला.

सरांची बोलण्याची एक तऱ्हा होती. 'कन्फर्म' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. डेस्कवर कुणी "सर, न्यूज कन्फर्म आहे" म्हटलं, की ते चष्मा काढायचे. "कन्फर्म म्हणजे काय? तू पाहिलंस? नाही. तुला सांगणाऱ्याने पाहिलं? नाही. मग पाहिलंय कुणी?" या 'पाहिलंय कुणी'पायी आम्ही प्रत्येक बातमीत सगळ्यांच्या मागे असायचो. कुणी तसं बोलून दाखवलं तर म्हणायचे, "बातमी शिळी चालेल. नासलेली नको."

एकदा धुक्यामुळे शाळांना सुट्टी अशी बातमी सकाळी सकाळी सगळीकडे फिरायला लागली. दुसऱ्या चॅनल्सनी दाखवलीसुद्धा. सरांनी काय केलं, तर स्वतःच्या मुलीच्या स्कूल बसच्या ड्रायव्हरला फोन लावला. "भाईजान, आप कहाँ हैं? गेट के सामने? गेट खुला है या बंद है? नहीं नहीं, आप उतरकर देखिए." गेट उघडं होतं. मुलगी त्याच बसमध्ये होती. संध्याकाळी ती ऑफिसात आली ती पाय आपटतच. "बाबा, यू आर सो एम्बॅरसिंग! द होल बस वॉज लाफिंग." सर तिला म्हणाले, "हसू दे. शाळेत तर वेळेवर पोचली ना सगळी?" ही मुलगी म्हणजे सरांचा जीव की प्राण. बायको लवकर गेली होती. तो चॉकलेटी स्वेटर बायकोने विणलेला, हे मला फार नंतर कळलं.

चॅनलचा इतिहास सर एका वाक्यात सांगायचे, "तीन नावं, तीन लोगो, सोफा एकच." हा सोफा म्हणजे आमच्या स्टुडिओतला लाल सोफा, ज्यावर बसून बातम्या वाचायच्या. मालक बदलले, भिंतींचे रंग बदलले, सोफा हलला नाही.

चॅनल सुरू केलं ते शेठनी. शेठ सांगलीचे, हळद आणि डाळींचा व्यापार, देऱ्यात, इथल्या जुन्या बाजारपेठेत, मोठं गोदाम. इथल्या आपल्या माणसांचं सुखदुःख कुणी दाखवत नाही म्हणून त्यांनी गोदामाच्याच वरच्या मजल्यावर स्टुडिओ थाटला. सरांना मुंबईच्या एका पेपरातून उचलून आणलं ते त्यांनीच. तेव्हा म्हणे पाहुणे बोलता बोलता शिंकायचे, कारण खालून हळदीची पूड उडायची. पहिलं भांडण झालं ते तूरडाळीवरून. डाळ महागली आणि सरांनी ती बातमी सगळ्यांत वर घेतली. शेठ खालून तरातरा वर आले. "संपादक, माझ्याच डोक्यावर बसून माझ्याच डाळीची बोंब मारता?" सर म्हणाले, "बातमी खोटी असेल तर काढतो." खोटी नव्हती. शेठनी आठवडाभर गोदामातून वर येणारा चहा बंद केला. नंतर आपोआप चालू झाला, तोही आलं घालून. तेव्हापासून शेठ सरांना कायम 'संपादक' म्हणत, निम्मं चिडवत आणि निम्मं मानाने.

पण खरी गोष्ट अल ऐनच्या डॉक्टरांची. ती मला डॉक्टरांच्याच तोंडून ऐकायला मिळाली.

बाकी सगळ्यांना वाढदिवसाला फोन, पण या डॉक्टरांकडे सर स्वतः जायचे. एका वर्षी मला म्हणाले, "चल, तूही बघ." गाडी त्यांनी इतकी हळू चालवली की उंटांचे ट्रक आम्हाला ओलांडून गेले. दवाखान्यात पोचल्यावर मला वाटलं सरळ आत जाऊ. पण सरांनी टोकन घेतलं आणि पेशंटांमध्ये बसून राहिले. नंबर लागला तेव्हाच आत गेले. डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला.

"तुमच्या सरांनी मला मारलं होतं, माहीत आहे ना?" पंप दाबता दाबता डॉक्टर मला म्हणाले.

मी सरांकडे पाहिलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

"सकाळी नाश्ता करत होतो. टीव्हीवर माझा फोटो. बायकोला म्हटलं, बघ, कसा छान फोटो लावलाय. मग ऐकू आलं, की माझं निधन झालंय." डॉक्टर हसले. "माझ्याच नावाचा एक पेशंट वारला होता हो, अबू धाबीला. यांना कुणीतरी सांगितलं कन्फर्म आहे. यांनी चालवली. मला काय, मजा वाटली. पण नाशकाला माझी आई. तिने टीव्हीवर पाहिलं. मी फोन केला तर घेईना. शेजारीण म्हणाली, 'त्या म्हणतात, तो तर गेला, मग त्याच्या आवाजात हे कोण बोलतंय?' शेवटी विमान पकडून गेलो. दारात उभा राहिलो तर म्हातारीने तोंडाकडे बघितलंच नाही. आधी माझे पाय पाहिले. सरळ आहेत ना, की उलटे."

मी हसले आणि लगेच हसू आवरलं.

"सरळ आहेत म्हटल्यावर गळ्यात पडली. म्हणाली, मरणाची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं, आता तुझं वाढलं. माझं वाढलं असेल, पण तिने धसका घेतला तो घेतलाच. शेवटपर्यंत उठताबसता फोन करायची. 'आहेस ना रे?' एवढंच विचारायची आणि ठेवून द्यायची." डॉक्टरांनी पट्टा सोडवला. "बीपी वाढलंय तुमचं. गोळी घेताय ना, की नुसताच चिवडा?"

परतीच्या वाटेवर सर म्हणाले, "ती बातमी मी लिहिली होती. 'पाहिलंय कुणी' हे तेव्हा विचारलं नाही मी." त्यांनी गिअर बदलला. "एक फोन लावला असता तर डॉक्टरांनी स्वतःच उचलला असता गं."

त्या बातमीवरून गदारोळ झाला. इथे अफवा दाखवणं म्हणजे खेळ नाही. नोटिसा आल्या, खुलासे द्यावे लागले, जाहिराती गेल्या. शेठनी सगळं निस्तरलं आणि थकून चॅनल एका मोठ्या ग्रुपला विकून टाकलं. सरांना मात्र त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. विकताना नव्या लोकांना एवढंच म्हणाले, "सोफा आणि हा माणूस, दोन्ही हलवायचं नाही." पुढे त्या ग्रुपनेही विकलं. कुणी बिल्डरच्या पैशाने घेतलेल्या मुलाखती बातम्या म्हणून दाखवल्या आणि तोंडघशी पडलं, कुणी लोगो बदलून अब्रू धुऊन निघते का ते पाहिलं. शेठचा शब्द मात्र सगळ्यांनी पाळला. सोफा राहिला आणि सर राहिले.

शेवटचा मॅनेजर आला तो दुबईतच वाढलेला, चटपटीत, इंग्रजी आणि हिंदी बोलणारा. माणूस वाईट नव्हता, पण त्याला प्रत्येक गोष्ट सगळ्यांच्या आधी हवी असायची. सर त्याला डोळ्यांत खुपायचे. "सर, आप बहुत स्लो हैं. हबीबी, दिस इज नॉट अ न्यूजपेपर." सरांचा व्हिसा तेव्हा रिन्यूअलला आला होता आणि कागद मॅनेजरच्या टेबलावर पडून होता. इथे नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की बाडबिस्तरा. सरांची मुलगी बारावीला होती, बोर्डाची परीक्षा तोंडावर. "फक्त तिची परीक्षा होऊ दे," हे सर त्या दिवसांत मला येता जाता सांगायचे. दुसरं कशाला ते घाबरत नव्हते.

तो शुक्रवार होता. शुक्रवारी अर्धा दिवस, त्यामुळे ऑफिसात आम्ही मोजकीच माणसं. मी सोफ्यावर बसून दुपारच्या बातम्यांची तयारी करत होते. तेवढ्यात फोन सारखा थरथरायला लागला. मंडळाचा ग्रुप. 'ॐ शांती.' 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'एका युगाचा अंत.' शेठ गेले होते.

शेठ आजारी आहेत, अल ऐनच्या हॉस्पिटलमध्ये ठेवलंय, हे आम्हाला माहीत होतं. वयही झालेलं. मला एकदम रडू आलं, आणि समोर बघते तर दुसऱ्या एका चॅनलने खालच्या पट्टीत शेठचं नाव चालवायला सुरुवातही केली होती.

मॅनेजर धावतच आला. "यल्ला, यल्ला! जल्दी करो! पॅकेज रेडी है ना? वाढदिवस फोल्डर! हमारे फाउंडर हैं, और हम ही लेट?"

शेठच्या फिल्मचं पॅकेज रेडी होतं. फोल्डरमधलं सगळ्यांत सुंदर पॅकेज ते. सर दर वर्षी त्यावर हात फिरवत. टेलिप्रॉम्प्टरवर पहिली ओळ आली. कानातल्या बटणात कंट्रोल रूम मला उलटे आकडे ऐकवायला लागणार, एवढ्यात स्टुडिओचं दार उघडलं आणि सर आत आले. स्वेटर, सपाता, हातात मोबाइल. सरळ चालत आले आणि माझ्या शेजारी लाल सोफ्यावर बसले.

"सर, आप फ्रेम में हैं!" कॅमेरामन ओरडला. तो केरळचा, शेठच्या काळापासूनचा.

"असू दे," सर म्हणाले. "मी इथून उठत नाही. दाखवायचं असेल तर मला धरून दाखवा."

मॅनेजर काचेच्या पलीकडून इकडे आला. "सर, प्लीज. सब चला रहे हैं. मंडल के ग्रुप में लिखा है. कन्फर्म है."

"देखा किसने है?"

"व्हॉट?"

"शेठ को किसने देखा है? नाम बताइए एक आदमी का."

मॅनेजर ग्रुपवरचे मेसेज चाळायला लागला. सर माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "अगं, वहिनी सांगलीला एकट्या असतात. शेठ हॉस्पिटलमध्ये आहेत हेसुद्धा त्यांना सांगितलेलं नाही, हृदयाचं दुखणं आहे म्हणून. त्या दिवसभर दुसरं काही बघत नाहीत. नवऱ्याचं चॅनल म्हणून आपलंच लावून बसतात. तू वाचलंस की त्यांना कळणार. तुझ्या तोंडून."

नाशकातली म्हातारी डोळ्यांसमोर उभी राहिली. मी कानातलं बटण काढून मांडीवर ठेवलं.

मॅनेजरचा चेहरा लाल झाला होता. "सर, आपका रिन्यूअल मेरे टेबल पे है. आप समझ रहे हैं ना?"

सर समझ रहे थे. त्यांनी शेठचा नंबर लावला. वाजून वाजून बंद. मुलाचा लावला. बिझी. हॉस्पिटलचा लावला. पेशंटची माहिती फोनवर देत नाही, असं गोड आवाजात सांगण्यात आलं. मग त्यांनी अल ऐनच्या डॉक्टरांना फोन लावला. ज्यांना त्यांनी एकदा मारलं होतं, त्यांना.

"डॉक्टर, शेठ तुमच्या गावात ॲडमिट आहेत. गेले म्हणतात. नाही, नाही, कुणाला विचारू नका. तुम्ही स्वतः जा. स्वतः बघा. मी इथे बसलोय."

स्पीकर चालू ठेवून मोबाइल त्यांनी सोफ्याच्या हातावर ठेवला. पलीकडे डॉक्टरांच्या गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मग नुसता रस्ता. दुसऱ्या चॅनलने एव्हाना शेठचा फोटो लावला होता, काळ्या चौकटीत. मॅनेजर घड्याळ बघत येरझारा घालत होता, पण सरांना उठवायला कुणाचा हात पुढे झाला नाही. आम्ही फळबाजारातल्या सफरचंदांचे आणि केळ्यांचे जुने व्हिडिओ दाखवून वेळ काढला. प्रेक्षकांना त्या दिवशी फळबाजाराची जेवढी माहिती मिळाली तेवढी कधी मिळाली नसेल.

शेवटी लिफ्टची घंटी ऐकू आली. डॉक्टरांची पावलं. एक दार. आणि मग एक खोकला.

"कोण आहे? संपादक?" आवाज बारीक होता, पण शेठचाच. "काय रे, आज माझा वाढदिवस नाही."

सरांनी चष्मा काढला आणि स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. शेठना सगळं माहीत होतं. दर वर्षी फोन का येतो, फोटो का मागतात, सगळं. आणि तरी दर वर्षी त्यांनी कुर्ता घालून फोटो काढून पाठवला होता.

"नाही शेठ," सर कसेबसे म्हणाले. "सहजच केला."

"सहज करणारा तू नाहीस. कुठल्या गाढवाने मारलं मला?" मग एकदम आवाज बदलला. "सांगलीला चालवलं नाही ना? तिने बघितलं नाही ना काही?"

"नाही. तुमचं चॅनल केळी दाखवतंय."

शेठ हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले, आणि डॉक्टरांनी फोन काढून घेतला. मी सोफ्यावर बसल्या बसल्या हुंदके देऊन रडले. इतकं मोकळं मला मुलगा झाला तेव्हाही वाटलं नव्हतं. कॅमेरामनने मला टिश्यू दिला आणि एक स्वतःला घेतला.

झालं काय होतं, ते नंतर कळलं. रविवारी शेठच्या घरी मंडळाची मीटिंग होती. शेठच्या मुलाने ग्रुपवर एवढंच टाकलं, की घरगुती कारणामुळे मीटिंग रद्द. कुणीतरी त्यावर हात जोडल्याचं चित्र टाकलं. दुसऱ्याने तेच टाकलं, कारण पहिल्याने टाकलं होतं. आठदहा जोडलेले हात बघून एकाला वाटलं, आपल्यालाच उशिरा कळतंय, आणि त्याने 'ॐ शांती' लिहून टाकलं. त्यानंतर मागे राहायला कुणी तयार नव्हतं. आपल्या माणसांत श्रद्धांजलीतही नंबर लावायची घाई असते.

दुसऱ्या चॅनलने काळी चौकट गुपचूप काढली आणि पुढे नोटिसांना तोंड दिलं. सोमवारी सरांचा कागद सही होऊन आला. सोबत कॉफीचे दोन कप घेऊन मॅनेजर स्वतः सरांच्या टेबलाशी आला. सरांनी कॉफीकडे संशयाने बघितलं. "वीस दिरहमची ना ही? म्हणजे पाचशे रुपये! पाचशेत आमच्याकडे पंगत उठते." मग प्यायले मात्र.

मॅनेजर जरा घुटमळला. "सर, वो फोल्डर में... मेरा भी कुछ है क्या?"

"अभी नहीं," सर म्हणाले. "उसके लायक कुछ कीजिए. तब तक जीते रहिए."

शेठ त्यानंतर चांगली दोन वर्षं जगले. आयुष्य वाढतं म्हणतात ते असं. सांगलीला जाऊन वहिनींच्या शेजारी बसून त्यांनी आमचं चॅनल पाहिलं आणि बातम्यांमध्ये माझी साडी कशी चुकली ते सरांना फोन करून सांगितलं. ते खरोखर गेले तेव्हा पहिला फोन वहिनींचाच आला, सरांना. "तुम्हाला आधी सांगते भाऊजी. मी पाहिलंय." मग सरांनी फिल्म पडद्यावर सोडली. वाचताना माझा आवाज हलला नाही, आणि सरांनी कधी नव्हे ती माझ्या पाठीवर थाप दिली.

मुलीची परीक्षा केव्हाच होऊन तिला पुण्यात ॲडमिशन मिळाली होती; शेठ गेल्यावर सरही निवृत्त होऊन कऱ्हाडला गेले. जाताना फोल्डर माझ्या हवाली केलं. "फोन चुकवू नकोस," एवढंच सांगितलं.

मागच्या डिसेंबरात माझा वाढदिवस होता. सकाळी सकाळी कऱ्हाडहून फोन. "शतायुषी हो! काय नवीन? मुलगा कितवीला? बर्शातच राहता ना अजून? बरं, एक कर, यंदाचा एखादा चांगला फोटो पाठव." मी "हो सर, पाठवते" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं. मी हसत सुटले. मुलगा म्हणाला, "व्हॉट हॅपन्ड, आई?" त्याला काय सांगणार, की तुझी आई आता कुणाच्या तरी फोल्डरमध्ये आहे आणि तिला त्याचा केवढा आधार वाटतोय.

परवा सरांचा वाढदिवस होता. मी डेस्कवरून फोन लावला. वाजत राहिला. कुणी उचलेना. परत लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर पलीकडून धापा टाकत आवाज आला.

"आहे, आहे गं! गच्चीवर होतो. पापड उलटत होतो. काय हे, जरा दम धर की."

माझा जीव भांड्यात पडला. मी शुभेच्छा दिल्या, तब्येत विचारली, गोळ्या विचारल्या, मुलीची नोकरी विचारली. समोर स्क्रीनवर फिल्म उघडी होती. मी 'मुलगी' या शब्दापुढे तिचं नवं गाव टाइप केलं. मग घसा साफ केला.

"सर, एक करा ना. यंदाचा एखादा चांगला फोटो पाठवून द्या."

पलीकडून सरांचा हसण्याचा आवाज.

"कुर्त्यातला पाठवू की स्वेटरमधला?"

"दोन्ही पाठवा," मी म्हटलं. "घाई नाही."